गुंड्याने काय खाल्लं?

एका जंगलात, बाळांनो, एक सिंह राज्य करत होता. सिंह सगळ्याच जंगलांत राज्य करतो, त्यामुळे त्याचं फार कौतुक नको. त्याला एक छावा होता आणि छाव्याला पडसं झालं होतं. तो काही म्हणजे काही खाईना. ताट पुढे आलं की तोंड फिरवायचा.

राजाने दरबारात विचारलं, "आजारी पोरं खातात तरी काय?"

प्रश्न साधा होता. कुठल्याही आईने उभ्या उभ्या उत्तर दिलं असतं. पण दरबारात आया नव्हत्या, बगळेसाहेब होते. ते एका पायावर उभे राहिले, डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "महाराज, पाहणी करावी लागेल."

झालं! अख्ख्या जंगलातून दहा घरं निवडली. दहा घरांना दहा जण नेमले. प्रत्येकाच्या हातात पळसाच्या कोवळ्या पानांवर लिहिलेली प्रश्नावली दिली. पानं सात, प्रश्न एकेचाळीस.

त्या दहांत वेणूताई सायाळ होती. तिची निवड कशी झाली म्हणाल, तर तिच्या पाठीवर लेखण्याच लेखण्या होत्या. आणखी काही विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

बगळेसाहेबांनी नियम सांगितले. उत्तर फक्त मुख्य काळजीवाहकाचं लिहायचं. मुलाला काही विचारायचं नाही. स्वतः मधे तोंड घालायचं नाही. आणि घडलं असेल तेच लिहायचं.

"मूल उपाशी दिसलं तर?" वेणूताईने विचारलं.

"तर 'उपाशी' या रकान्यात खूण करा," बगळेसाहेब म्हणाले.

बाकीचे नऊ जण हुशार होते. ते वडाखाली बसले, सगळीकडे 'माहीत नाही' असं लिहिलं आणि जेवायच्या वेळेला आपापल्या घरी पोचले. वेणूताई भोळी. ती खरोखरच पाहणीला गेली.

तिच्या वाट्याला करवंदीच्या जाळीतलं सशाचं घर आलं होतं. आत गुंड्या नावाचं ससुलं पडलं होतं. तीन दिवस तापाने फणफणलं होतं, आज सकाळी अंग निवलं होतं. पण तीन दिवसांत पोटात कण नव्हता. दोन्ही कान जमिनीला लागले होते. शेजारी त्याची आई सगुणा हरळीच्या पेजेची वाटी घेऊन बसली होती आणि सगुणेवर नजर ठेवून तिची सासू गोदाक्का बसली होती.

"बाळाची मुख्य काळजीवाहक कोण?" वेणूताईने पहिला प्रश्न वाचला.

"मी," सगुणा म्हणाली.

"मी," गोदाक्का म्हणाली. "हिला मेलीला काय कळतंय!"

वेणूताईने सगुणेचं नाव लिहिलं. गोदाक्काने डोळे वटारले. वेणूताईने ते खोडलं, पाठीवरचा नवा काटा उपटला आणि "आई गं!" म्हणत गोदाक्काचं नाव लिहिलं.

"प्रश्न दुसरा. बाळ कुणाच्या दुर्लक्षामुळे आजारी पडलं?"

"मुख्य काळजीवाहक हीच आहे!" गोदाक्का सुनेकडे बोट दाखवून म्हणाली.

"छे, छे, आत्याबाईच!" सगुणा म्हणाली. "आत्ताच तर लिहिलंत."

वेणूताईने आणखी एक काटा उपटला. नवव्या प्रश्नापर्यंत तिची डावी बाजू बोडकी झाली होती.

"आजारपणात बाळाला नेहमीपेक्षा जास्त दिलंत, तेवढंच दिलंत, कमी दिलंत, की काहीच दिलं नाही?"

"काहीच नाही," गोदाक्का अभिमानाने म्हणाली. "लंघन! माझी बारा पोरं लंघनावर बरी झाली."

"मी तीन दिवस वाटी धरून बसलेय, ताई," सगुणा वाटी पुढे करून म्हणाली. "पण आत्याबाई एक घोट देऊ देतील तर शपथ!"

वेणूताईच्या जिभेवर आलं होतं, की बाई, ताप उतरलाय, दे ती पेज आता. पण मधे तोंड घालायचं नव्हतं. तिने जीभ चावली आणि खूण केली.

असं करत करत सत्ताविसावा प्रश्न आला. "बाळाला भूक लागल्याचं तुम्हाला कसं कळतं?"

"आई, भूक लागली," गुंड्या म्हणाला.

"थांब रे सोन्या, ताई विचारतायत ना!" सगुणा म्हणाली. "तर ताई, भूक लागली की तो कान हलवतो."

"कान नाही, नाक," गोदाक्का म्हणाली.

"भूक लागली," गुंड्या म्हणाला. तो कान हलवत होता आणि नाकही हलवत होता.

"बघा, बडबडतोय. ताप डोक्यात गेला," गोदाक्का म्हणाली.

"अहो, कानच! असा!" सगुणेने हात उडवून दाखवला. वाटी कलंडली आणि तीन दिवसांची पेज गोदाक्काच्या पायावर सांडली. मग काय विचारता! लग्नातल्या मानपानापासून सुरुवात झाली.

गुंड्या वेणूताईच्या मांडीवरच्या प्रश्नावलीकडे टक लावून बघत होता. पानं कोवळी होती, हिरवीगार होती. आता मुलाला विचारायचं नाही असा नियम होता. बोलायचं नाही असाही होता. पण प्रश्नावली जमिनीवर ठेवायची नाही, असा नियम काही नव्हता.

तिने सातही पानं हळूच गुंड्यापुढे ठेवली.

गुंड्याने हुंगलं. मग एकेचाळिसाव्या प्रश्नापासून सुरुवात केली, कुरुम कुरुम, आणि उलटा पहिल्या प्रश्नापर्यंत आला. मुख्य काळजीवाहकही खाल्ला. त्याचा एक कान उभा राहिला, मग दुसरा. वेणूताईच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रश्नावलीचा कुणाला उपयोग झालेला ती जन्मात पहिल्यांदाच बघत होती.

"अगंबाई, खाल्लं!" सगुणा ओरडली.

"माझ्या लंघनामुळे भूक लागली!" गोदाक्का म्हणाली.

"माझ्या पेजेच्या वासाने लागली!"

वेणूताईने त्यांना तिथेच सोडलं. वाटेत पडलेलं एक वाळकं पान उचललं आणि घडलं होतं तेच लिहिलं. 'बाळाने काय खाल्लं? प्रश्नावली. किती? सगळी.' मग ती दरबारात गेली.

बगळेसाहेबांनी दहाही उत्तरं वाचली. नऊ 'माहीत नाही' आणि एक 'प्रश्नावली'. त्यांनी डोळे मिटले. "महाराज," ते म्हणाले, "ज्यांना माहीत आहे, त्या सर्वांचं एकमत आहे. आजारी बालकं प्रश्नावली खातात!"

लगेच ताटात सात पानं मांडून छाव्यापुढे आली. छाव्याने तोंड फिरवलं.

राजाने बगळेसाहेबांकडे बघितलं. बगळेसाहेब घाईघाईने पुढे झाले आणि लांब मान वाकवून छाव्याच्या अगदी तोंडाशी जाऊन म्हणाले, "बाळराजे, यातला नेमका कोणता प्रश्न आवडत नाही?"

छाव्याने महिन्यात पहिल्यांदा ओठांवरून जीभ फिरवली.

त्या दिवशी बगळेसाहेबांनी दुसरा पायही जमिनीला टेकला, पण तो पळण्यापुरताच. आपल्याला पंख आहेत हे त्यांना आठवेपर्यंत शेपटी मागे राहिली होती. छाव्याने ती मिटक्या मारत संपवली आणि विचारलं, "आणखी आहे?"

राजाला आनंदाने रडू फुटलं. वेणूताईने उजव्या बाजूचा शेवटचा काटा उपटला, "आई गं!" म्हणाली आणि घडलं तेच लिहिलं. 'बाळाने काय खाल्लं? साहेब. किती? थोडेसे.'

तात्पर्य : आजारी मूल जेवत नसेल तर त्याला काय हवं ते मुळीच विचारू नये. सरळ पाहणी लावावी आणि पाहणी लावणाऱ्या साहेबांना मुलाच्या अगदी जवळ उभं करावं. पुढचं मूल बघून घेतं.