त्रिंबकराव अस्वलाचा निषाद

एका जंगलात एक अस्वल पेटी वाजवत असे. हसू नका. अस्वलाने मध खावा, झाडाला पाठ घासावी, असं तुमच्या पुस्तकात लिहिलेलं आहे, ठाऊक आहे मला. पण पुस्तक लिहिणारा कधी संध्याकाळी सहाला अस्वलाच्या घरी गेला होता का? नाही ना? मग गुपचूप ऐका.

या अस्वलाचं नाव त्रिंबकराव. मधपोळी खात्यात नोकरीला होते. कुठलं पोळं कधी उतरवायचं, याची परवानगी ते देत. कामाला वाघ होते. अस्वलाला वाघ म्हटलेलं तिथल्या वाघांना खपत नसे, पण खरं ते खरं. ते इतके हुशार होते, की इतरांचं कामही फिरून त्यांच्याच टेबलावर येई.

घरी आले की चहा, आणि सहाच्या ठोक्याला पेटी. सातला पेटी बंद. बावीस वर्षं हा नेम कधी चुकला नाही.

आणि बावीस वर्षं राग एकच, भूप. आता बाळांनो, भूपात सूर पाचच. सा, रे, ग, प, ध. निषाद, म्हणजे नी, तिथे अजिबात चालत नाही. पण त्रिंबकरावांचं बोट पडलं अस्वलाचं. वर चढताना ते ध वर टेकलं की घसरून शेजारच्या नी वर जाई. रोज जाई, आणि रोज त्याच जागी. साऱ्या जगाच्या भूपात निषाद नसतो. त्रिंबकरावांच्या भूपात तो असायचाच.

होता होता त्यांची पन्नाशी आली. अस्वलांची पन्नाशी कधी येते, असं विचारू नका. चष्मा लागला, पाठ धरली, खाली बसलेलं उठताना तोंडातून "आई गं" निघालं, की आली म्हणायची.

अशात शेजारच्या झाडावर बुलबुलाचं नवं बिऱ्हाड आलं. पहिल्याच दिवशी बुलबुलबाईंनी कणीक मळता मळता भूप गुणगुणला. त्यात औषधालासुद्धा निषाद नव्हता.

त्रिंबकराव खिडकीशी उभे राहून ऐकत होते. त्यांना फार वाईट वाटलं. बाईंचा राग आला नाही. बावीस वर्षं आपण जे शोधतोय ते कुणाला कणकेच्या हातांनीही सापडतं, एवढंच त्यांना कळलं.

"कावेरी," ते बायकोला म्हणाले, "मी पेटी सोडतोय."

"कुणाला देताय?"

"देत नाही गं. वाजवणं सोडतोय. आता या वयात बोट काय वळणार आहे? हौस हौस म्हणायचं तरी किती दिवस?"

"मग सोडा की," कावेरीबाई भाजी निवडत म्हणाल्या. "तुमच्या मागे का कुणी लागलंय? पण सहा ते सात करणार काय?"

"तुझ्याशी बोलत बसेन."

कावेरीबाईंचा हात थांबला. "घाई करू नका," त्या म्हणाल्या. "शनिवारपर्यंत नीट विचार करा."

इकडे शेजाऱ्यांनी त्याच आठवड्यात बैठक घेतली होती. बावीस वर्षं त्यांनी तो निषाद सोसला होता. पण तोंडावर कसं सांगायचं? वाईट दिसतं. रहिवासी मंडळाचा सेक्रेटरी आबाजी कोल्हा म्हणाला, "सांगायचंच नाही. सत्कार करायचा."

त्या जंगलाची ती जुनी पद्धतच होती. एखाद्याला थांब म्हणता येत नसलं, की त्याचा सत्कार करायचा. अंगावर शाल पडली, हातात नारळ आला, की तो आपोआप थांबतो. म्हाताऱ्या हत्तीची भाषणं अशीच थांबवली होती. मोराच्या कवितांना मात्र दोन सत्कार लागले.

शनिवारी वडाखाली सतरंजी घातली. सिंहमहाराज अध्यक्ष होते, म्हणून तासभर उशिरा आले आणि आल्या आल्या पेंगू लागले. आबाजी बोलायला उभा राहिला. "त्रिंबकरावांनी बावीस वर्षं संगीताची अखंड सेवा केली," तो म्हणाला. "आम्ही सगळे साक्षीला आहोत. आता त्यांनी विश्रांती घ्यावी, अशी अख्ख्या जंगलाची कळकळीची इच्छा आहे." टाळ्या मात्र मनापासून पडल्या.

त्रिंबकराव काही खुळे नव्हते. नोकरीत जन्म गेलेल्याला निरोपाची शाल कळते. सोडणारच होतो, आता शालीसकट सोडू, असं त्यांनी मनाला समजावलं. पण नारळ मांडीवर आला आणि त्यांची नजर समोर आणून ठेवलेल्या पेटीकडे गेली. दिवसातला तेवढा एकच तास त्यांचा होता. त्या तासाला साहेब नव्हता, फाईल नव्हती, आणि तो तासच आता जाणार होता.

"जाता जाता शेवटचं थोडं होऊन जाऊ द्या," आबाजी म्हणाला. शेवटचं या शब्दावर त्याने जरा जोर दिला.

त्रिंबकरावांनी भाता ओढला. सा, रे, ग झालं. प झाला. आता ध यायचा. त्यांनी चष्म्याच्या वरून समोर पाहिलं.

पहिल्या रांगेतल्या सशाने कान मुडपून घेतले होते. पेंगणाऱ्या सिंहाने झोपेतच पंजा कानावर ठेवला होता. शेजारच्या भिकोबा साळिंदराचे काटे ताठ उभे होते. आणि अजून ती जागा आलीसुद्धा नव्हती.

म्हणजे यांना सगळं पाठ आहे. बावीस वर्षं इतकं कान देऊन आपल्याला ऐकलंय यांनी. त्रिंबकराव चकितच झाले, आणि त्या नादात त्यांचं बोट घसरायचं विसरलं. ध लागला. स्वच्छ, बुलबुलबाईंसारखा, जन्मात पहिल्यांदा.

कुणी वाहवा म्हटलं नाही. सगळे अवघडून बसले. भिकोबाचे काटे उभे ते उभेच, त्यामुळे त्याच्या शेजारच्या हरणाला सरकावं लागलं.

शेवटी ससा हळूच म्हणाला, "चुकलात, त्रिंबकराव."

"कुठे?"

"तिथे पुढे ते एक येतं ना तुमचं, ते राहिलं."

"वाजवा हो लवकर," भिकोबा कळवळून म्हणाला. "काटे बसेनात माझे."

सिंहाने एक डोळा उघडला. "राहिलंय खरं काहीतरी," तो म्हणाला, आणि डोळा मिटलाच नाही.

बुलबुलबाईंना राहवेना. "अहो, पण भूपात निषाद नसतो," त्या म्हणाल्या.

सगळी सभा वळून त्यांच्याकडे बघू लागली.

"आमच्यात असतो," भिकोबा म्हणाला.

मग त्रिंबकरावांनी पुन्हा ध धरला आणि मुद्दाम नी वाजवला. काटे बसले. कान उभे राहिले. हुश्श करून सगळी सभा सैल झाली, आणि आबाजी कोल्ह्याने कपाळाला हात लावला. कारण चूक राहिली म्हणून सर्वांत आधी त्याच्याच शेपटीला चुळबुळ लागली होती.

दुसऱ्या दिवशी सहाला पेटी सुरू झाली. शालीची पेटीला छान खोळ झाली होती. कावेरीबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

त्रिंबकरावांना आता एकच काळजी आहे. त्या दिवसापासून बोटाला ध नीट लागायची खोड लागली आहे. चूक मुद्दाम आणावी लागते. तिचा रियाज रोज सहा ते सात चालतो, आणि भिकोबा म्हणतो, पूर्वीची मजा नाही, पण मेहनत करतील तर येईल.

तात्पर्य: बाळांनो, मोठी माणसं सांगतात तसा रोज सराव करावा. त्याने हात सुधारतो असं नाही. पण बावीस वर्षांत शेजाऱ्यांचे कान बिघडतात, आणि मग हात सुधारण्याची गरज राहत नाही.