दोन विहिरींमधील पाताळभिंत

श्री पृथ्वीमाता, जी पोटात सर्व ठेविते आणि तोंडाने काही सांगत नाही, तिजला साष्टांग दंडवत घालून लिहितो ऐसे जे: शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरे, कार्तिक मासी, एके राज्यी दिव्यांचे तेल आटत चालले. पाताळातील तेल उपसणाऱ्या दोन विहिरी, एक पूर्वेस, एक पश्चिमेस, दोहींची धार बारीक जाहली, आणि राज्याचे सामर्थ्य आणखी एकाच विहिरीपुरते उरले. मग सरकारस्वारींनी भिवजीपंत पाषाणनवीस यांस हुजूर बोलाविले. पंत दगडाचे दर्दी. विहीर खणताना निघालेली दगडाची कांब चाटावी, दाताखाली कण चावून पाहावा, वर पाण्याचा थेंब सोडावा, आणि दगडाने थेंब पिऊन टाकिला म्हणजे "यात तेलास जागा आहे" ऐसे म्हणावे, ही त्यांची रीत. दोहींकडील दगड एकाच चवीचा, यास्तव पंत बोलिले, "महाराज, खाली साठा एकच. मधोमध खणावे. तेल न लागल्यास पाषाणनविशी सोडीन."

तेव्हा विहिरींचा दाब राखणारे गोदाजी नाईक म्हणाले, "पंत, दात तुमचे मजबूत, पण एकदा माझा काटाही पाहा की!" मग पश्चिमेची विहीर बंद करून तीत दाबाचा काटा लाविला आणि पूर्वेची मोकळी सोडिली. साठा एक असता तर इकडे उपसताच तिकडचा दाब उतरता. पंधरवडा लोटला, काटा ढिम्म. पंतांनी काटा बदलविला, तोही ढिम्म. पंतांचे तोंड उतरले आणि ते पुन्हा कांबा घेऊन बसले. पश्चिमेकडील कांबेचा एक तुटका तुकडा मजुरांच्या हातून आपटला असेल ऐसे समजून त्यांनी दूर सारिला होता, तो उजेडात फिरविला. तुटलेले अंग काचेसारखे गुळगुळीत, वर एकाच दिशेच्या रेघा! पंतांस शहारे आले. मनुष्यजात जन्मण्याआधी कधी तरी डोंगराएवढा खडक खडकावर घासत सरकला होता आणि मधे चिकणमातीची भिंत पडली होती. पंतांनी तिचा तिरपा उतार मांडून पाहिला, तो भिंत तेलाच्या थरापाशी बरोबर मधोमध उतरत होती. आपण तिच्यावरच विहीर खणविणार होतो, या विचाराने पंत घाबरले, आणि एवढी थोर गोष्ट आपल्या तळहातावर आहे म्हणून त्यांचे डोळेही भरून आले.

दुसरे दिवशी पंत दरबारी बोलिले, "महाराज, चुकलो. साठे दोन आहेत, मधे भिंत आहे. पश्चिमेकडचा थर भिंतीकडे चढत जातो. हलके तेल वर चढून तिच्या कुशीत अडले असावे. तेथे खणावे."

मर्जी खप्पा जाहली. "काल एक, आज दोन! या खेपेस शपथ घ्या."

"शपथ घेववत नाही, महाराज. दगड आणि दाब मिळून जितके सांगतात, तितकेच सांगतो."

अखेर खणण्याची आज्ञा जाहली. खणता खणता माघ उजाडला, आणि एके सकाळी पायाखालची भुई थरथरली आणि काळेभोर तेल उसळत वर आले. लोक नाचू लागले. पंत मात्र हात जोडून उभे राहिले, कारण ज्यास कोणी कधी पाहिले नव्हते ते आज उन्हात आले होते. मग सरकारस्वारींनी जवळ येऊन पुसिले, "पंत, आता सांगा, खाली आणखी किती आहे?"

"ठाऊक नाही, महाराज."

महाराज म्हणाले, "पुढची विहीर तुम्ही दाखवाल तेथे."

येणेप्रमाणे पाताळभिंतीचे वर्तमान जाहले. राज्यात दिवे लागले, पंत आणि नाईक एका पंक्तीस जेवू लागले. पृथ्वीचे पोट अथांग, आम्हांस कळले ते इतुकेच.