इद्वलचं दार

सिनेमाचा खेळ संध्याकाळी सहाला होता, आणि लंडनच्या सिनेमा कंपनीकडून इद्वल प्रॉसरच्या नावाने पत्र आलं सकाळी दहाला. 'वकिलाच्या भूमिकेतली तुमची सातही वाक्यं कापावी लागली. नायिकेसाठी दार उघडता, तेवढं ठेवलं आहे. कळावे.'

इद्वलचा चहा तसाच राहिला. वीस वर्षं त्याने सिनेमात हवालदार, हमाल आणि प्रेतं केली. यंदा पहिल्यांदाच तोंड उघडायला मिळालं, म्हणून आईने साऱ्या दरीला आवतण दिलं होतं. आणि ही वेल्समधली दरी मोठी खट. इथे दर दुसरा माणूस प्रॉसर, म्हणून माणसाला करणीवरून नाव पडायचं, आणि एकदा पडलं की थडग्यापर्यंत सुटायचं नाही. त्याचा बाप एवन एकदा, फक्त एकदाच, कोळशाच्या खाणीत छत्री घेऊन उतरला होता. मरेपर्यंत 'एवन छत्री'!

इद्वल धावला तो थेट खाणकामगारांच्या सभागृहात. तिथे सिनेमाचं यंत्र चालवणारा ग्लिन त्याचा बालमित्र.

"ग्लिन्या, दार यायच्या आधी फिल्म तोड."

"वेडा का तू? लोकांना काय सांगू?"

"तुटली म्हण. रोज तुटतेच की!"

"तुटते रे. पण मी तोडत नाही!" ग्लिन दुखावला. तरी कबूल झाला.

संध्याकाळी नेमक्या वेळी फिल्म तुटली. इद्वलने सुस्कारा सोडला, तोच पाद्रीसाहेब उठले. "अरे, तुझंच काम अडलं की! चढ मंचावर, तोंडानेच होऊ दे!"

काय करतो बिचारा? चढला. पण आवाज कापला नाही. सातव्या वाक्याला दांडगे गडी नाकं शिंकरू लागले. मग सगळ्यांनी उभं राहून चार सुरांत प्रार्थनागीत धरलं. त्या गाण्याने ग्लिन असा विरघळला, की डोळे पुसत त्याने फिल्म जोडली आणि दिली सोडून.

पडद्यावर वकिलाने दार उघडलं. नायिका गेली. दार मिटलं. वकील पुन्हा काही दिसला नाही.

कुणी खोकलंसुद्धा नाही, आणि तेही खाणकामगारांच्या सभागृहात!

"इद्वल दार," मागून कुणीतरी हलकेच म्हणालं.

झालं. पडलं.

घरी जाताना त्याची मान वर होईना. "आई, रागावलीस?"

"रागावू कशाला? बाप छत्री, लेक दार. आता पाऊस येईल कुठून घरात?"

उंबऱ्याशी मात्र ती थांबली. कडीला हात लावेना.

"त्या बाईला कसं उघडलंस, तसं उघड बघू."

इद्वलने कमरेत वाकून दार उघडलं. समोरच्या घरांच्या खिडक्यांतून टाळ्या पडल्या, आणि एवन छत्रीची बायको पदर नसतानाही सावरत, ताठ मानेने आत गेली.