इरबाजी साळिंदराचा चर

एका जंगलात, मुलांनो, वीज आली. खांबांवरून नाही, जमिनीखालून आली. वाघोबांना डोक्यावर तारा आवडत नसत.

ज्याला वीज हवी, त्याने रस्त्याकडेच्या पेटीपासून आपल्या दारापर्यंत चर खणायचा. दोन हात खोल. तळाला वाळू, वाळूवर लाल पाइप, पाइपात केबल ओढायला दोरी. तपासणी होईपर्यंत चर बुजवायचा नाही. असा नियम होता.

इरबाजी साळिंदराने अर्ज केला. त्याच्या बायकोला, सगुणाला, दिवस गेले होते. गेल्या खेपेला बिळातल्या अंधारात कूस बदलताना इरबाजीचाच काटा पिल्लाच्या डोळ्यात गेला होता.

"या वेळी बल्ब लागल्याशिवाय मी बाळंत होणार नाही," सगुणा म्हणाली.

इरबाजी आठ दिवस खणत होता. वाळू त्याने नदीवरून तोंडात धरून आणली.

शेजारच्या भालबा कोल्ह्यानेही अर्ज केला होता. त्याने पेटीजवळ वीतभर पाइप रोवला आणि दाराशी वीतभर रोवला.

"आणि मधे?" इरबाजीने विचारलं.

"मधे जमीन आहे की," भालबा म्हणाला आणि त्याने तिच्यावर पालापाचोळा पसरला.

तपासणीला घोरपडेसाहेब आले. ते घोरपडच होते. त्यांनी भालबाचा पाइप इकडून पाहिला, तिकडून पाहिला.

"दोन्ही टोकं आहेत. मंजूर."

मग ते इरबाजीच्या चरात उतरले. त्यांनी टेप लावली.

"एका जागी दोन बोटं कमी भरतंय. शिवाय चर उघडा आहे. कोणी पडलं म्हणजे?"

"साहेब, उघडा ठेवायचा नियम आहे."

"नियम आहे हो. पण पडलं म्हणजे?"

इरबाजीने पाइप काढला आणि दोन बोटं खणायला घेतलं. भालबाची केबल त्याच दिवशी पाल्याखालून गेली. संध्याकाळी त्याच्याकडे बल्ब लागला.

चौथ्या दिवशी एका भेकराचा पाय त्या पाल्यावर पडला. भेकर उडून बाजूला पडलं. जीव वाचला, पण खूर भाजला. जंगलात मोठा गलका झाला. वाघोबांनी सभा घेतली.

"असं पुन्हा होता कामा नये," ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. भालबाची मान सर्वांत जोरात डोलली.

दुसऱ्या दिवशी घोरपडेसाहेब इरबाजीकडे कागद घेऊन आले. चर आता तीन हात खोल हवा होता.

"पण साहेब, भेकराला शॉक भालबाच्या केबलचा लागला!"

"त्यांचं कनेक्शन जुनं. जुन्यांना नवा नियम नाही. ज्यांचे चर उघडे आहेत, त्यांनाच."

"उघडे चर किती आहेत?"

साहेबांनी कागद उलटा करून पाहिला.

"तुमचाच दिसतोय."

त्याच संध्याकाळी सगुणा बाळंत झाली. थांबणं तिच्या हातात नव्हतं. दोन पिल्लं झाली. इरबाजी धावत दाराशी गेला.

"तुम्ही आत येऊ नका," सगुणा आतून म्हणाली. "यांचे डोळे राहू देत."

इरबाजी थोडा वेळ पिल्लांचा आवाज ऐकत दारातच उभा राहिला. मग चरात उतरला, पाइप पुन्हा बाहेर काढला आणि खणू लागला. भालबाच्या दारातल्या बल्बचा उजेड बरोबर चरात पडत होता. खणायची सोय झाली.

तात्पर्य: मुलांनो, जंगलात नियम पाळणारा एक तरी असावा. नाहीतर नवा नियम लावायचा कोणाला?