देवरे सरांची एकवीस शून्यं

देवरे सर विद्यार्थ्याची वही उघडण्याआधीच त्याला चोर ठरवतात. मेलेला उंदीर शेपटीने धरावा तशी ती दोन बोटांत उचलतात, पोराच्या नाकासमोर नाचवतात आणि विचारतात, "हाई तुन्हं शे का?" हे तुझंच का, एवढ्या या अहिराणी प्रश्नाने पोराला स्वतःच्या नावाचीही शंका येते.

आमच्या कॉलेजात ते समाजशास्त्र शिकवतात, मी मराठी. स्टाफरूममध्ये अकरा वर्षं त्यांची खुर्ची माझ्या शेजारी आहे. हे कुठल्या पापाचं फळ, ठाऊक नाही. प्रकल्प द्यायच्या शेवटच्या दिवशी ते दारात खुर्ची टाकतात आणि मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवतात. पाचला दार बंद. "पाच म्हंजे पाच." समास सोडला नाही, अर्धा गुण गेला. पान मुडपलं, अर्धा गेला. आम्ही शहाणी माणसं सगळ्यांना वीसपैकी सोळा-सतरा देऊन चारच्या बसने घर गाठतो. सर लाल रिफिली संपवत बसतात.

यंदा विषय होता, 'आमच्या भागातला बाजार'. बत्तीस वह्या आल्या. त्यांतल्या एकवीस वह्यांची पहिली ओळ एकच: "नक्कीच! खाली तुमच्यासाठी मुद्देसूद प्रकल्प देत आहे." मोबाइलवरच्या एआयचं उत्तर उतरवताना पोरांनी तेवढंही गाळलं नव्हतं. एका दिव्य विद्यार्थ्याने तर "आणखी काही मदत हवी आहे का?" हेही सुवाच्य अक्षरात लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. सरांनी एकवीस शून्यं दिली, गोल आणि सुबक.

जमनाची वही पाच वाजून वीस मिनिटांनी, बंद दार ठोठावून आली. त्या दिवशी माझी चारची बस चुकली होती, म्हणून मीही तिथेच होतो. अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यातली ही मुलगी. येताना बस बंद पडली होती.

"बस बंद पडनी. घड्याय नही पडनं," म्हणत सरांनी पाच गुण कापले. मी मध्ये पडलो, तर म्हणाले, "तुम्हीन मराठी शिकाडा."

मग नेहमीचा प्रश्न आला. "हाई तुन्हं शे का?"

जमना म्हणाली, "अर्धं माझं नाही, सर. बा बोलला, मी लिहिलं."

मला वाटलं, संपली बिचारी. पण सरांनी वही हळूच टेबलावर ठेवली. मग ती वाचून काढली. उरलेले पंधराच्या पंधरा गुण दिले.

निकाल पाहून प्राचार्य हादरले. शून्यं खोडून पासापुरते गुण देण्याच्या पत्रावर सरांची सही आणायला त्यांनी मला रविवारी सरांच्या घरी, रनाळ्याला पाठवलं. मी खुशीत गेलो. हट्टी माणूस वाकताना पाहायला कुणाला आवडत नाही?

दार उघडंच होतं. सर जमनाची वही पुढ्यात घेऊन ती शब्दन् शब्द आपल्या डायरीत उतरवत होते.

"कॉपी, सर?" मी विचारलं.

ते चक्क लाजले. "पोरले वही परत देनी शे ना."

मी वही ओढून घेतली. जमनाचा बाप त्यात बोलत होता. कैऱ्या कापून कापून बोटांना बसलेला चीक, खडकावर वाळत घातलेला आमचूर, ढग दिसला की उडणारी धावपळ. डोक्यावर पोतं घेऊन डोंगर उतरताना तो बाजारात बोलायचं मराठी वाक्य मनात घोकायचा, आणि व्यापारी समोर आला की विसरायचा.

"बायको गई, तीन वरीस व्हयनात," सर खाली बघत म्हणाले. "पोऱ्या सुरतले. घरमा बोलाले कोनी नही. वही उघडी का मानूस बोलाले पाहिजे. त्या एकवीस वह्यास्मा कोनीच नही व्हतं."

पेनाला टोपण लावत म्हणाले, "त्यास्ले परत लिखाले लावसू. घरना मानूसले इचारीसन लिखा म्हनसू."

मग त्यांना आठवलं, मी पाहुणा आहे. चहा ठेवायला उठले. "काय काम काढं, सर?"

पत्र माझ्या खिशात होतं.

"काही नाही," मी म्हणालो. "चहा राहू द्या. बसा. पुढचं जरा मोठ्यानं वाचा."