सुखदेव मिस्त्रीचा भरलेला पेला

सुखदेव मिस्त्री एसटीत चढायचा तेव्हा त्याच्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला असायचा. पिण्यासाठी नव्हे. वडीगोद्री ते अंबड तो पेला गुडघ्यावर धरून बसायचा आणि उतरताना ड्रायव्हरला सांगायचा, "मागच्या डाव्या स्प्रिंगचा पाटा तुटलाय तुमचा. पाणी त्याच अंगाला सांडून राह्यलंय." ड्रायव्हर हसायचे. मग डेपोत जाऊन बघायचे, तर पाटा खरंच तुटलेला.

ट्रॅक्टर असो, जीप असो, दुरुस्ती झाली की तो वर पेला ठेवायचा. "मला काय विचारता? पाण्याला विचारा," एवढंच म्हणायचा. एका लग्नात तर त्याने घोड्यावर बसलेल्या नवरदेवाच्या हातात पेला दिला होता. नवरदेव भिजला, आणि हा घोडेवाल्याला शांतपणे म्हणाला, "पुढची उजवी नाल बघ."

असा माणूस. वडीगोद्रीत अजूनही कुणी कुणी सांगतं की सुखदेवने शेठजींची परदेशी गाडी बिघडवली. ते खोटं आहे. किती खोटं, ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी गावातल्या शेठजींच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होतो आणि सुखदेव तिथे प्रेस चालवायचा, म्हणजे कापूस दाबून गाठी बांधणारं यंत्र. ते तेलाच्या दाबावर चालतं. शेठजींनी मुंबईहून एक जुनी परदेशी गाडी आणली. तिच्या सस्पेन्शनला, म्हणजे खड्ड्यांचे धक्के झेलणाऱ्या भागाला, स्प्रिंगा नव्हत्याच. चारी चाकांवर वायू भरलेले लोखंडी फुगे आणि त्यांना जोर देणारं तेल. गाडी चालू केली की ती आधी मागून उठायची, मग पुढून, थेट म्हशीसारखी. पहिल्या दिवशी अख्खी जिनिंग काम सोडून बघत उभी होती.

तीन महिन्यांत म्हैस बसली, ती उठेना. मुंबईच्या गॅरेजने सांगितलं, सामान परदेशातून येईल तेव्हा येईल, नाहीतर सगळं काढून साध्या स्प्रिंगा टाका. शेठजी स्प्रिंगांवर आले. सुखदेव मात्र गाडीखालून बाहेरच येईना. शेवटी शेठजींनीच वाकून विचारलं, तर तो खालूनच म्हणाला, "शेठ, ही प्रेसचीच धाकटी बहीण हाय. मला पंधरा दिवस द्या."

ते पंधरा दिवस मी विसरणार नाही. लिंबाखाली ताडपत्री, त्यावर शे-दीडशे सुटे भाग, आणि प्रत्येकाखाली खडूने काढलेला आकडा. कोंबड्या फिरकू नयेत म्हणून भोवती काट्या. गाडीतले रबराचे सील त्याने दोऱ्यात ओवले, माळ गळ्यात घातली आणि औरंगाबादची दुकानं पालथी घातली. फुग्यांत वायू भरायला जालन्याहून सिलिंडर आलं. तेलाचे दोन लाल डबे मुंबईहून आले, ते त्याने घरच्या कोठीत कुलपात ठेवले. जो भेटेल त्याला सांगायचा, "हिचा रक्तगट येगळा हाय. दुसरं तेल पोटात गेलं तं सील फुगून मरन." मलाही चारदा सांगितलं. मी चारदा हो म्हणालो.

सोळाव्या दिवशी शेठजींनी किल्ली फिरवली. आधी काहीच नाही. मग मागचं अंग हललं. मग पुढचं. गाडी उठली! हमालांनी शिट्ट्या मारल्या, शेठजींनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. सुखदेवने कुणाकडे पाहिलं नाही. त्याने पेला भरून गाडीत समोरच्या काचेपाशी ठेवला आणि म्हणाला, चला.

अंबडचा रस्ता म्हणजे त्या काळी खड्ड्यांमधून काढलेली वाट होती. मी मागच्या सीटवर, मान लांब करून पेल्याकडे बघत. पहिला खड्डा गेला. दुसरा गेला. पुलाजवळच्या मोठ्या खड्ड्यात मी डोळेच मिटले. उघडले तर पाण्यावर नुसती सुरकुती, थेंब खाली नाही. अंबडला पोचल्यावर सुखदेवने तो पेला उचलला आणि स्वतः पिऊन टाकला. त्याला पेल्यातलं पाणी पिताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

शेठजी म्हणाले, माग काय मागायचं ते. त्याने एका दिवसाची गाडी मागितली. भाऊबीजेची.

कारण आम्हाला ठाऊक होतं. त्याची बायको कौसाबाई आठ वर्षांपासून अंथरुणाला होती. जीप खड्ड्यात आदळून तिचा मणका गेला होता, आणि ती जीप सुखदेव चालवत होता. त्यानंतरच त्याच्या हातात पेला आला. बाईला हिसका सोसत नसे, म्हणून कुंभार पिंपळगावचं माहेर तिने आठ वर्षं पाहिलं नव्हतं. तिथे म्हातारी आई, तीही खाटेवर. दोघी एकमेकींना निरोप धाडायच्या. शेठजींनी गाडी दिली. कौसाबाईने दसऱ्याआधीच लुगडं काढून ठेवलं.

आता माझं. आमच्या जिनिंगची रीत होती की खंडेनवमीला कुठलंही यंत्र अर्ध्या पोटी पुजायचं नाही. प्रेस, इंजिन, शेठजींची स्कूटर, सगळ्यांच्या टाक्या भरायच्या आणि मग फूल वाहायचं. पूजेची जबाबदारी माझी. गाडीची दाबाच्या तेलाची टाकी उघडून पाहिली तर दोन बोटं कमी. सुखदेव घरी गेला होता. मुहूर्त चालला होता. मी प्रेसच्या पिंपातलं तेल मापट्याने घेतलं आणि ओतलं. दाबाचं तेल ते दाबाचं तेल, असं मनाशी म्हणालो. वर झेंडू वाहिला.

दिवाळीला आठ दिवस असताना गाडी जालन्यात शेठजींच्या व्याह्यांच्या फाटकातच पोटावर बसली. ना आत, ना बाहेर. फाटक लागेना, आतले पाहुणे भिंतीवरून उतरले. शेठजींनी सुखदेवला आणि मला तिथे बोलावून घेतलं आणि त्याला सगळ्यांदेखत नाही नाही ते ऐकवलं. त्याने टाकीचं झाकण उघडलं, बोट बुडवलं, वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. मी खिशात रुमाल शोधत होतो.

"माझंच चुकलं, शेठ," तो म्हणाला आणि झाकण लावलं.

गाडीला जीपच्या स्प्रिंगा बसल्या. सुखदेवने तिला पुन्हा हात लावायचा नाही असं ठरलं, आणि भाऊबीजेचं कुणी नावही काढलं नाही. त्याने फक्त काढून टाकलेले चार फुगे मागितले. ते भंगार मी लगेच देऊन टाकलं. उदारपणे.

त्यानंतर मी जालन्याला राहायला आलो. वर्षं गेली. गेल्या महिन्यात मन घट्ट करून वडीगोद्रीला गेलो. सुखदेवच्या अंगणात एक ट्रॉली उभी होती, तिच्यात एक बाज, आणि बाजेच्या चार पायांखाली ते चार फुगे. मी ट्रॉलीपाशी गेलो. कौसाबाई दारातल्या खाटेवरून म्हणाली, "भाऊ, तुमचेच फुगे. तुम्ही दिले म्हणून मायच्या दारात जाऊन आले. हे बसवता बसवता याह्यला वर्ष लागलं. माय पौषातच गेल्ती. पण दार तं पाह्यलं."

सुखदेवने माझ्या हातात पेला दिला. काठोकाठ. मी तो धरला आणि अर्धं पाणी सदऱ्यावर आलं. तो पेल्याकडे निरखून बघत म्हणाला, "मुनीमजी, सस्पेन्शन गेलं तुमचं."

मी म्हणालो, "त्या गाडीत तेल मी घातलं होतं."

"वासावरूनच कळलं मला," तो म्हणाला. "त्या साली तुमच्या पोरीचं लगीन होतं. शेठनं काढलं असतं तुम्हाला."

हे कौसाबाईला त्याने इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. ते तिच्या तोंडावरूनच दिसलं. तिने ट्रॉलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी उठून उभा राहिलो.

"बसा, भाऊ," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "त्यांचा पेला भरा पुन्हा. अन् जरा कमी भरा."