सोवनींच्या वेबसाइटवरचा चंद्र

ढुंढिराज सोवनींचा नायक दोन वर्षांपासून गंगेच्या मधोमध नावेत बसून होता.

नाव फुटलेली, दारूगोळा भिजलेला, मागे शत्रू आणि पुढे अंधार, अशा अवस्थेत त्याला सोडून 'सरदार तुळाजी' या ऐतिहासिक कादंबरीचा पहिला भाग संपला होता. दुसरा भाग लिहून तयार होता. पण पुण्याचे प्रकाशक सुमंत आपटीकर तो छापायला राजी नव्हते. पहिल्या भागाचे गठ्ठे त्यांच्या गोदामात इतके निवांत पडले होते की त्यांच्या आडोशाला मांजर दोनदा व्याली होती.

"सर, हल्ली लेखकाची स्वतःची वेबसाइट लागते," सुमंत फोनवर म्हणाले. "तुम्ही मला वाचक दाखवा, मी तुळाजीला किनाऱ्याला लावतो."

सोवनी काशीत राहणारे, रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. कॉम्प्युटर त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिला होता, पण तो शेजारच्या टेबलावरचा. तरीही कोणाला काही विचारायचं नाही हा त्यांचा बाणा होता. मुलीने बंगलोरहून पाठवलेला जुना लॅपटॉप त्यांनी देवघराशेजारी मांडला, 'फुकट वेबसाइट बनवा' अशी जाहिरात शोधून काढली आणि हळदीकुंकू वाहून कामाला लागले.

पहिल्या आठवड्यात नाव आणि फोटो चढला. फोटो सत्कारातला होता, पण चौकटीत बसता बसता तो हनुवटीपासून खालीच बसला. त्यामुळे 'लेखक ढुंढिराज सोवनी' या अक्षरांखाली जगाला एक शाल आणि एक नारळ तेवढे दिसत. पानाच्या तळाशी येणाऱ्या पाहुण्यांचा आकडा होता. तो सात झाला तेव्हा सोवनींनी पेढे आणवले. ते सातही पाहुणे आपणच आहोत हे त्यांना पेढे संपल्यावर समजलं.

मग त्यांनी मजकूर लिहायला घेतला. लेखकाचं बालपण, लेखकाचे गुरुजन, तुळाजीच्या तलवारीची लांबी, असं रोज काही ना काही ते टाइप करत आणि 'जतन करा' हे बटन दाबत. त्याच्या शेजारी, प्रत्येक मजकुरासाठी वेगळं, 'प्रकाशित करा' असं एक हिरवं बटन होतं. ते दाबलं की 'आपली खात्री आहे का?' असा प्रश्न येई. हिशेब खात्यात हयात घालवलेला माणूस असल्या प्रश्नाला हो म्हणत नसतो. सोवनी दर वेळी 'नाही' दाबत आणि समाधानाने जेवायला उठत.

त्यांच्या पत्नी कालिंदीबाईंना वेगळीच परेशानी होती. त्यांचं माहेर संकठा घाटाजवळचं, पंचांग करणाऱ्यांचं. काशीतल्या मराठी घरांमधून भिंतीवर कॅलेंडर असतं ते महाराष्ट्रातून आलेलं, आणि त्यात चंद्रोदयाची वेळ असते ती तिकडची. काशीचा चंद्र त्याच्या कितीतरी आधी उगवतो. पण गल्ल्या अशा अरुंद आणि घरं अशी उंच की तो माथ्यावर आल्याशिवाय दिसतच नाही. म्हणून दर संकष्टीला संध्याकाळ झाली की कालिंदीबाईंचा फोन वाजायला लागे. "काकू, आज चंद्र कधी?" एकीला सांगून पोळी तव्यावर टाकावी, तर दुसरीचा फोन. संकष्टीची पोळी त्या घरात कधी धड भाजली गेली नाही.

अशाच एका संकष्टीला सोवनी भाजी आणायला गेले असताना कालिंदीबाईंनी लॅपटॉपमध्ये डोकावून पाहिलं. पानाच्या माथ्यावर एक नारिंगी पट्टी होती आणि तिच्यात 'येथे आपला संदेश लिहा' असं लिहिलं होतं. त्यांनी लिहिला: 'आज काशीत चंद्रोदय ८ वा. २१ मि. कॅलेंडरातली वेळ धरू नये.' त्यानंतर जो फोन आला त्याला त्या म्हणाल्या, "आमच्या यांची वेबसाइट आहे, तिथे बघ. आणि बाकीच्यांनाही कळव."

सोवनी परत आले ते पट्टी पाहून हबकले.

"हे काय गं? एवढ्या गंभीर कादंबरीच्या डोक्यावर चंद्रोदय?"

"संदेश लिहा म्हणाले, मी लिहिला."

"काढ तो."

"कसा काढू? पट्टीखाली तीन-चार बटनं दिसली, ती सगळी दाबली. खात्री आहे का विचारलं, म्हटलं बिलकुल आहे. आता उलटं कुठलं दाबायचं ते मला मालूम नाही."

सोवनींनी पट्टी पुसली, 'जतन करा' दाबलं आणि विषय मिटला असं समजले.

त्यांचं लक्ष आता प्रचाराकडे लागलं होतं. त्यांनी वेबसाइटचे चौकोनी ठिपक्यांचे कोड छापून घेतले आणि घाटापासून चौकापर्यंत चिकटवत गेले. त्यातला एक चहाच्या टपरीवर, पैसे देण्याच्या कोडाच्या अगदी शेजारी लागला. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचा आकडा एकदम वर चढला आणि संध्याकाळी चहावाला दारात उभा राहिला.

"गुरुजी, गाहक पैसा देने जाता है तो आपका नारियल निकलता है. दिनभर मुफ्त की चाय पिला रहे हैं हम."

तो कोड काढावा लागला. आकडा पुन्हा निपचित पडला. आणि मग, सोवनींनी जवळजवळ नाद सोडला असताना, एका संध्याकाळी तो अचानक उसळला. शंभर, दीडशे, तीनशे. सोवनी चष्मा पुसून पुसून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा शुकशुकाट. पुढच्या महिन्यात पुन्हा तसाच एक दिवस आला, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी मोठा. त्या त्या दिवशी घरात जेवायला उशीर होत असे आणि ताटात मोदक येत, पण आकड्यावरून नजर काढून ताटाकडे बघायला सोवनींना फुरसत नव्हती.

"वाचकांना महिन्यातून एकदा भरती येते," त्यांनी कालिंदीबाईंना समजावलं. "लोकांना विचार करायला वेळ लागतो. मी हिशेब मांडलाय. पुढची भरती कधी तेसुद्धा सांगू शकतो."

"ते मीही सांगू शकते," कालिंदीबाई म्हणाल्या. "अहो, त्या दिवशी चतुर्थी असते."

"असेल, असेल. तुझा उपास असला तर तू दगदग करू नकोस."

त्यांनी आकड्याचा फोटो काढून सुमंतांना पाठवला. सुमंत चाट पडले. ते आईला घेऊन काशीयात्रेला येणारच होते. "मग त्याच सुमारास वाचक मेळावा घ्या, सर. चार डोकी माझ्या डोळ्यांनी दिसली की दुसरा भाग लगेच छापायला घेतो." सोवनींना त्या रात्री आनंदाने झोप लागली नाही. तुळाजी किनाऱ्यापासून एका मेळाव्याच्या अंतरावर होता.

मेळावा त्यांनी हिशेबाने भरतीच्याच दिवशी ठरवला, अमृतराव घाटावर, दिवेलागणीला. पुसलेली ती पट्टी लोकांना अजून दिसते आणि मुलीने शिकवल्यामुळे कालिंदीबाईंना ती आपल्या फोनवरून लिहिता येते, असं कळल्यावर त्यांनी मोठ्या मनाने तिचा उपयोग करून घ्यायचं ठरवलं. "लिही, 'सरदार तुळाजी, वाचक मेळावा, अमृतराव घाट, सर्वांनी अगत्य यावे.'"

पट्टीत एवढं मावेना. शिवाय त्या दिवशी चंद्राची वेळ दिली नसती तर काशीतल्या उपाशी बायकांनी कालिंदीबाईंना माफ केलं नसतं. त्यांनी आधी वेळ लिहिली आणि उरलेल्या जागेत 'अमृतराव घाट, सर्वांनी अगत्य यावे' एवढं बसवलं. सोवनींना त्यांनी तसं सांगितलंही. सोवनी तेव्हा आरशासमोर नमस्कार कसा करावा याची तालीम करत होते.

मेळाव्याच्या संध्याकाळी घाट फुलून गेला. ओळखीची मराठी घरं तर आलीच, पण शेजारच्या मिश्राइन भाभींनी ती पट्टी आपल्या सगळ्या मैत्रिणींना पाठवली होती, कारण त्या महिन्याची संकष्टी म्हणजे त्यांची करवा चौथ, चाळणीतून चंद्र पाहून उपास सोडण्याचा दिवस. बनारसी शालू नेसलेल्या, हातात पूजेची ताटं आणि चाळण्या घेतलेल्या बायका पायऱ्या उतरू लागल्या. एरवी सोवनींच्या सगळं ध्यानात आलं असतं. पण आयुष्यात पहिल्यांदा आपल्यासाठी जमलेली गर्दी बघणाऱ्या लेखकाला शहाणपण सुचत नाही. हिंदी अनुवादाचं आता मनावर घ्यायला हवं, असं त्यांना वाटलं. ताटं पाहून ते संकोचले. "अहो, औक्षण कशाला," ते पहिल्या पायरीवरच्या बाईंना म्हणाले. चाळण्यांचा अर्थ त्यांना लागला नाही, पण वाचकांच्या प्रेमाला प्रश्न विचारायचे नसतात.

ते गंगेकडे पाठ करून खालच्या पायरीवर उभे राहिले. समोर सगळा घाट पूर्वेला तोंड करून बसला होता. एका बाजूला सुमंत, त्यांची आई आणि कालिंदीबाई बसल्या होत्या. सोवनींनी माइक हातात घेतला आणि दुसऱ्या भागाचं पहिलं प्रकरण वाचायला सुरुवात केली.

त्या दिवशी नदीवर धुरकं होतं, त्यामुळे चंद्र वेळेवर दिसेना. कोणी उठेना. माना उंचावून, श्वास रोखून सगळे समोर बघत होते. नावेत पाणी शिरलं, तुळाजीने पगडीने ते उपसायला घेतलं. एवढी एकाग्रता सोवनींनी साहित्यसभेतही पाहिली नव्हती. ते आणखी आवाज चढवून वाचू लागले. तुळाजीने वल्हं उचललं, अंधारात कोणीतरी हाक मारली, आणि नेमक्या त्याच वाक्याला सारा घाट एकदम उठून उभा राहिला. शेकडो हात जोडले गेले. कोणाच्या ओठांवर स्तोत्र आलं, कोणी डोळ्यांसमोर चाळणी धरली.

सोवनींनी वही मिटली आणि तालमीत बसवला होता तसाच कमरेतून वाकून नमस्कार केला.

"ढुंढिराज," पुढच्या रांगेतून गल्लीतल्या वृद्ध गोपीनाथकाकांचा आवाज आला, "जरा बाजूला हो रे. चंद्र दिसू दे."

सोवनी वळले. पलीकडच्या वाळूवर तांबूस चंद्र वर आला होता, बरोबर त्यांच्या डोक्यामागे.

ते मुकाट्याने दोन पायऱ्या बाजूला झाले आणि सुमंतांपाशी येऊन टेकले. सुमंतांच्या हातात फोन होता आणि त्यात वेबसाइट उघडलेली होती. "सर, यात तर काहीच नाही," ते हळूच म्हणाले. "ही पट्टी, आणि तुमची शाल."

"तलवारीच्या लांबीचं प्रकरण?"

"नाही दिसत. हिरवं बटन दाबलं होतंत ना?"

सोवनींना दर वेळी दाबलेलं 'नाही' आठवलं. आपल्याला वाचक नाहीत, हे एका माणसाला कळण्यासाठी एवढा मोठा घाट भरवायची गरज नव्हती, असं त्यांना वाटलं. त्यांना तुळाजीची फार दया आली. बिचारा आता कायमचा नावेत राहणार होता.

तेवढ्यात सुमंतांच्या आईने आपल्या पिशवीतून घडी घातलेलं कॅलेंडर काढलं. "हे काय, सुमंत? यात तर चंद्र यायला अजून पाऊण तास आहे."

"तो पुण्याचा, काकू," कालिंदीबाई म्हणाल्या. "आमचा लवकर येतो."

"म्हणजे सुमंत, तुझी जबलपूरची मावशी इतकी वर्षं आमचं कॅलेंडर बघून उगाच उपाशी बसते? अरे, तिला पित्त आहे."

सुमंतांच्या डोळ्यांत प्रकाशकाची चमक आली. त्यांनी घाटावरची गर्दी नीट पाहिली. "वहिनी, काशी, प्रयाग, जबलपूर, गया, सगळीकडच्या चंद्रोदयाच्या वर्षभराच्या वेळा काढून द्याल? आपण कॅलेंडर छापू."

"देईन की. मागच्या पानांवर काय घालणार?"

"नेहमीचंच. पाककृती, राशीभविष्य."

याच वेळी मिश्राइन भाभी पाणी पिऊन, ताट सावरत सोवनींसमोर आल्या. "गुरुजी, वो नाव वाले को आवाज किसने दी थी? चाँद निकल आया तो बीच में ही रह गया." त्यांच्या मागे उभे असलेले गोपीनाथकाका म्हणाले, "मीही तेच विचारणार होतो. आणखी थोडं धुरकं पाहिजे होतं."

कालिंदीबाईंनी सुमंतांकडे बघितलं. "मागची पानं यांची," त्या म्हणाल्या. "नाहीतर चंद्र मिळायचा नाही."

अशा रीतीने 'सरदार तुळाजी'चा दुसरा भाग बारा हप्त्यांत, भिंतीवरच्या कॅलेंडराच्या मागच्या बाजूला छापून आला. महिन्याला एक पान याप्रमाणे लोक तो वर्षभर वाचतील, असा सोवनींचा हिशेब होता. पण लोकांना कुठला दम? जानेवारीतच सगळ्यांनी पानं उलटून डिसेंबर गाठला आणि तुळाजीला किनाऱ्यावर पाहूनच कॅलेंडर खिळ्याला टांगलं. सोवनी वरवर चिडले. आतून त्यांना इतका आनंद झाला की ते दोन दिवस कोणाशीही वाद घालू शकले नाहीत.

त्या वर्षीच्या पहिल्या संकष्टीला कालिंदीबाईंची पोळी नीट फुगली, कारण आता वेळ विचारायला कोणाचा फोन येत नव्हता. पोळी उतरवून ठेवली आणि एकच फोन आला.

"काकू, चंद्राचं नाही विचारत, तो कॅलेंडरात आहे," पलीकडून एक मुलगी म्हणाली. "मला लेखकांशी बोलायचंय. तिसरा भाग येणार आहे का?"

"अगं, ते वर गच्चीवर बसलेत," कालिंदीबाई म्हणाल्या. "उपाशी. छापलेली वेळ बरोबर आहे की नाही याची त्यांना खात्री करून घ्यायचीय. चंद्र निघाला की लावतील तुला फोन."